सहाला डोकं असतं

पुस्तकावर टीका करायला विद्वत्ता लागते म्हणतात. ती माझ्याकडे नाही. पण ज्या पुस्तकापायी वर्तकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आठ रात्री जागून काढल्या, त्याविषयी चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, एवढं तुम्ही मान्य कराल.

गोष्ट १९८६ सालची. १९८३ साली बँकांत यंत्रं आणण्याबद्दल संघटनांशी करार झाला होता, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला होता, आणि आमच्या बँकेत ‘कॉम्प्युटर आला की आपण घरी’ हे वाक्य चहाच्या कपाबरोबर टेबलाटेबलावर फिरत होतं. शत्रू जवळून बघावा म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून ८०८५चा एक जुना किट आणला. एक उघडी हिरवी पाटी, तीवर काळे चिप्स, चोवीस बटणं आणि सहा लाल आकडे मावतील एवढी काच. ना पेटी, ना पडदा.

“अहो, याचं झाकण दुकानातच राहिलं वाटतं!” सौ. म्हणाली.

सोबत मॅन्युअल होतं, झेरॉक्सची झेरॉक्स. पहिली चौदा पानं त्यात काय काय जोडता येतं याची. चालू केल्यावर काय करायचं, याला अर्धं पान. ‘वाचकाला प्राथमिक माहिती आहे असे गृहीत धरले आहे’ हे वाक्य मात्र ठळक. लग्नपत्रिकेत जेवणाचा मेनू छापावा आणि कार्यालयाचा पत्ता गृहीत धरावा, तसला प्रकार!

खरा आधार दिला रमेश गांवकरांच्या ८०८५वरच्या पुस्तकाने. १९८४ साली ते अमेरिकेत निघालं. लेखक तिकडे सिरॅक्यूजच्या कॉलेजात शिकवणारे. पण आडनाव वाचल्यावर निम्मी भीती गेली. प्रत्येक प्रोग्राम आधी शब्दांत, मग आकृतीत, मग पत्ता-आकडा-अर्थ असा ओळीने मांडलेला. हा माणूस फळ्यासमोर उभा राहिलाय आणि मागच्या बाकावरच्यांना त्याने पाहिलंय, हे पानापानावर कळतं.

तर मी पंचवीस आणि सतरा यांची बेरीज करायला घेतली. वरच्या मजल्यावरच्या पॉलिटेक्निकच्या मुलाने वहीत आठ आकडे लिहून दिले. ते बटणं दाबून भरले. उत्तर आलं ‘३सी’! वीस वर्षांच्या नोकरीत असली बेरीज मी पाहिली नव्हती. पाच नि सात बारा, बाराला इथे ‘सी’ म्हणतात. दोन नि एक तीन. हिशोब चोख. पुन्हा चालवला तर उत्तर भलतंच. तिसऱ्यांदा बघतो तर प्रोग्रामच जागेवर नाही! तेवढ्यात दिवे गेले, आणि उरलंसुरलंही पुसलं गेलं.

“दिवे गेले की विसरतो? मग वहीच बरी,” सौ. म्हणाली. कॉम्प्युटरवरचं इतकं नेमकं परीक्षण मी त्यानंतर वाचलेलं नाही.

आठव्या रात्री गांवकरांच्या परिशिष्टातल्या यादीत चोर सापडला. ‘थांब’ या हुकमाचा आकडा ७६. मी भरत होतो ‘७बी’. त्या सहा काड्यांच्या दिव्यांत - सहा कसले, आकड्यागणिक सात काड्या - मोठा ‘बी’ काढला तर आठ दिसतो, म्हणून धाकटा काढतात. आणि तो हुबेहूब सहासारखा. वहीतला सहाही त्याच घराण्यातला. यंत्राला कोणी ‘थांब’ म्हटलंच नव्हतं. ते बिचारं पुढच्या कचऱ्यालाच हुकूम समजून धावत सुटलं होतं.

आता खरी टीका. ८०८५ निघाला १९७६ साली. त्याच वर्षी अमेरिकेत केआयएम-१ नावाची अशीच एक पाटी निघाली; तिलाही सहाच आकडे. तिच्या हौशी मालकांपैकी बटरफील्ड, ऑकर्स आणि रेन्की या तिघांनी ‘द फर्स्ट बुक ऑफ किम’ रचलं. ते मी पुष्कळ उशिरा वाचलं. नवशिक्यासाठी सुरुवातीपासूनचे धडे, आणि पुढे खेळच खेळ. त्या सहा आकड्यांत घोड्यांची शर्यतसुद्धा लावलीय! आपल्याकडे हीच पाटी प्रयोगशाळेच्या कपाटात गेली, तोंडी परीक्षेपुरती बाहेर आली. तिच्याशी खेळून चुकलेल्याने पुस्तक लिहिलं नाही. आणि जो चुकला नाही त्याला वाचक कुठे अडखळणार हे कळत नाही. गांवकरांनाही माझा ‘बी’ दिसला नव्हता, पण निदान तो शोधायची यादी त्यांनी दिली होती.

पुढे त्याच पुस्तकात सापडलं, की बेरजेनंतर ‘२७’ हा एक हुकूम घातला की ३सीचे बेचाळीस होतात. म्हणजे माणसांना दहाच्या हिशोबात मोजायची सवय आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. त्या रात्री मला शांत झोप लागली. बँकेत कॉम्प्युटर आले, आणि मी निवृत्त झालो तो वयाने.

किट अजून माळ्यावर आहे. मॅन्युअल रद्दीत गेलं. ती वही मात्र ठेवलीय. चूक कळल्यावर त्या मुलाने समासात एक ओळ लिहिली होती: ‘काका, सहाला वर डोकं असतं, बीला नसतं.’ ती ओळ मॅन्युअलच्या पहिल्या पानावर असती, तर माझ्या सात रात्री वाचल्या असत्या.