शाळेची खिडकी : जतनाचा राहिलेला भाग

जुन्या शाळेचे जतन म्हणजे दर्शनी भिंत राखणे, असा समज रुजला आहे. मुंबईत वारसा-नियमावली १९९५ पासून आहे, तरी खिडक्यांचा विचार मागेच राहतो. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची १८७८ ची इमारत पाहावी. चित्रकलेच्या वर्गाला स्थिर उजेड लागतो. तो खिडकीच आणते. सागवानी दुपाखी खिडकी पूर्ण उघडते, ॲल्युमिनियमची सरकती मात्र निम्मीच. नावड्यापासून मुंबईपर्यंतच्या दमट हवेत हा फरक मुलांना दिवसभर सोसावा लागतो. खिडकीची खालची पट्टी कुजली, तर तेवढीच कापून नवे सागवान सांधता येते. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सुताराची मजुरी धरलेली नसते, म्हणून अख्खी खिडकी भंगारात जाते.