तंबोऱ्याचा शेजार

संगीतविषयक मराठी लेखनात गुरूचे ऋण वारंवार आढळते. सोबत्याचे ऋण मात्र क्वचितच. वास्तविक ज्यास गावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे आहे, त्याचा पहिला गुरू बहुधा त्याच्याच वयाचा असतो.

आमच्या बाबतीत तो मिरजेतील तंतुवाद्ये घडविणाऱ्या घरातला एक मुलगा होता. पंढरपूरकडून आलेले भोपळे त्यांच्या घरी रचून ठेवलेले असत. तो स्वतः गात नसे. वडिलांच्या हाताखाली जवारी लावणे हेच त्याचे आवडते काम. घोडी हलके घासावयाची, तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवावयाचा आणि तार छेडून वाट पाहावयाची. “खर्जात गंधार ऐकू येतो का?” हा त्याचा प्रश्न ठरलेला. येतो म्हणणाऱ्यास तो लगेच तो गंधार गुणगुणून दाखवावयास सांगे! षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, हे पुस्तकात वाचून कळते. कानास कळणे ही गोष्ट निराळी.

या शिकवणीवाचून खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) आम्हांस उमगले नसते. त्यांच्या गायनास ‘गोड’ हे विशेषण असे काही चिकटले आहे की पुढे विचार करण्याची कोणास गरजच भासत नाही. आमच्या मते ते अपुरे आहे. आवाज पाहू गेल्यास बारीक, काहीसा अनुनासिक. झिंझोटीतील त्यांची विख्यात ठुमरी ऐकावी. तबकडीच्या त्या तीन-सव्वातीन मिनिटांत स्वर धावत जाऊन गाठलेला असा कोठेच वाटत नाही. तो तंबोऱ्यात आधीपासूनच आहे आणि गवई त्यात आपला आवाज अलगद मिळवितो, इतकेच. गोडवा हे त्या अचूकपणाचे फळ होय.

तथापि मित्राचा एक आग्रह आम्हांस कधीच मान्य झाला नाही. जयपूर घराण्याच्या पेचदार तानांस तो ‘नक्षी’ म्हणे, आणि नक्षीने तंबोरा बोलत नाही, असे वर ऐकवी. कारागिराच्या मुलाने हे म्हणावे हे शोभणारे खरे; पण केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या ध्वनिमुद्रिकांपुढे ते टिकत नाही. अल्लादिया खां (१८५५–१९४६) यांच्या तालमीत घडलेल्या या गायकीत स्वर स्थिर बसून आपले स्थान दाखवीत नाही. आवर्तनाच्या ओघातच तो सिद्ध होतो, आणि तेथेही तसूभर ढळत नाही. केसरबाईंनी बालपणी काही महिने अब्दुल करीम खांसाहेबांकडेच शिक्षण घेतले होते, ही गोष्ट आम्ही त्याच्या कानी घातली, तेव्हा स्वारी क्षणभर थांबली व म्हणाली, “मग स्वर तिथलाच!” यावर काय बोलणार?

तो वाद अर्धाच राहिला. मित्र आता हयात नाही. खांसाहेबांचे दफन मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले असून उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. आम्ही समोरची जागा धरीत असू. तो मात्र पाठीमागे, तंबोऱ्याच्या अगदी लगत बसे. गवयाचा चेहरा तेथून दिसत नसे.