'पॉपिन्स' देवनागरी : वर्तुळाची मर्यादा

इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स' (2014) या टंकातील देवनागरी निनाद काळे यांची, तर रोमन जॉनी पिनहॉर्न यांची होय. दोहोंचा पाया वर्तुळ. बोरूच्या तिरक्या कापातून येणारा जाड-बारीकपणा येथे जवळजवळ लोपतो. म्हणूनच मथळ्यात व बोधचिन्हात 'व', 'ठ' ठसठशीत उठतात. 'क्ष', 'ज्ञ' मात्र वर्तुळाला सहज वश होत नाहीत.

खरी कसोटी स्थलनामांची. 'मार्कंडा' या नावात रफार व अनुस्वार एकाच 'क'वर येतात. 'चामोर्शी'त रफार वेलांटीला भिडतो. अतिठळक वजनात शिरोरेषेवरील ही जागा आकसते. महाशिवरात्रीच्या यात्रेत वैनगंगेकाठी दुरून वाचावयाच्या फलकासाठी या टंकाचे मध्यम वजनच ग्राह्य ठरते. अतिठळक वजन, देखणे असूनही, तेथे नाकारावे लागते.