ताज ते काळाचौकी : जॅझच्या आठवणी कोणाच्या?

मुंबईच्या जॅझविषयी आजवर जे चांगले लेखन झाले, ते मुख्यतः आठवणींवर उभे आहे. ध्वनिमुद्रिका थोड्या आहेत आणि वृत्तपत्री नोंदी त्रोटक. म्हणून वादक आणि रसिक सांगतील तो पुरावा महत्त्वाचा ठरतो. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे अशा लेखनातले सर्वांत मोलाचे पुस्तक. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सहवासात चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे वादक आणि रूडी कॉटन हा पारशी सॅक्सोफोनवादक घडला. हा सगळा काळ फर्नांडिस यांनी जिवंत केला आहे, आणि गोव्याच्या वादकांना त्यांची नावे परत मिळवून दिली आहेत. त्यांचे हे ऋण मान्य करूनच मला एक प्रश्न विचारायचा आहे.

या आठवणींचा नकाशा काढला तर तो कुलाब्याला सुरू होतो, चर्चगेटच्या रेस्टॉरंटांतून फिरतो आणि धोबीतलावला थांबतो. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली 'जॅझ यात्रा' भरली आणि तिथे सॉनी रॉलिन्स वाजवून गेले, तेही धोबीतलावच्या रंगभवनात. त्याच्या उत्तरेला, भायखळा ओलांडून, जॅझच्या इतिहासात काही घडतच नाही. मी काळाचौकीत राहतो. ताजपासून हे अंतर सात-आठ किलोमीटर. घोडपदेव मागे टाकले की माझगाव लागते, जिथे गोव्याची ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. इतक्या जवळ वाजणारा नाद गिरणगावाने ऐकलाच नसेल का?

इथल्या वयस्कर माणसांना मी जॅझविषयी विचारत असे, तेव्हा उत्तर मिळत नसे. 'भगवानचा डान्स' म्हटले की मात्र खांदे हलायला लागत.

भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. स्टंटपटांतून वर आलेल्या भगवानदादांनी १९५१ साली 'अलबेला' काढला. संगीत सी. रामचंद्र यांचे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, म्हणजे त्यांची बैठक पूर्णपणे रागसंगीताची. भगवानच्याच 'सुखी जीवन'पासून (१९४२) दोघांची जोडी जमली होती. या संगीतकाराचे सहायक होते चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना रसिक 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. 'अलबेला'त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. ताजच्या नृत्यगृहात वाजणारा ट्रम्पेट आणि चाळीतून आलेला नट एकाच चौकटीत आहेत. मुंबईच्या जॅझचा याहून नेमका दस्तऐवज मला ठाऊक नाही.

इथे कालक्रमाकडे नीट पाहावे लागते. जॅझच्या आठवणींत पन्नाशीचे दशक उतरणीची सुरुवात म्हणून येते. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९चा. पेयपानावर चालणाऱ्या नृत्यगृहांचा धंदा बसला आणि वादकांना स्टुडिओंचा आधार घ्यावा लागला. गोव्याचे वादक आधीपासून चित्रपटांत वाजवत होतेच. आता तीच मुख्य रोजी झाली. रसिक सांगतात ती कहाणी इथून हळहळीची होते. परंतु काळाचौकी-लालबागेतून पाहिले तर नेमक्या याच वेळी तो नाद पहिल्यांदा आपल्या हाती लागतो. ताजच्या दारात ज्याला उभे राहू दिले नसते, तो कामगार चार-सहा आण्यांच्या तिकिटात तेच ट्रम्पेट, तोच स्विंगचा झोका ऐकू लागला. दक्षिणेतला शेवट ही उत्तरेतली सुरुवात होती. 'जॅझ संपला' हे विधान कुठे उभे राहून केले, यावर त्याचा खरेपणा ठरतो.

यावर जाणकारांचा आक्षेप रास्त आहे. चित्रपटात आला तो जॅझ नव्हे, त्याचा पोशाख. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात असतो. स्टुडिओतली पद्धत उलटी. संगीतकार चाल गुणगुणत, गोव्याचा संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देई, आणि वादक समोरच्या कागदाबाहेर जात नसत. गोव्याच्या चर्चशाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकल्यामुळेच तर त्यांना हे काम मिळाले. सायंकाळी मनाप्रमाणे फुलवणारा वादक सकाळी लिहिलेल्या चार मात्रा वाजवून घरी जाई. म्हणजे गिरणगावाला जॅझचा आवाज मिळाला. त्याचे स्वातंत्र्य नाही. हे मला मान्य आहे.

मात्र गोष्ट तिथे थांबत नाही. चित्रपटातली ही गाणी रस्त्यावर आली ती बेंजो पार्टीतून आणि ब्रास बँडमधून. या वादकांसमोर कागद नसतो. गाणे कानाने उचललेले असते, आणि तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मिरवणुकीत पुरत नाही. नाचणारे रंगात आले की मुखडा पुन्हा घ्यायचा, मधल्या वाद्यसंगीताचा तुकडा लांबवायचा, ताशाला जागा द्यायची, पुढचे गाणे मागच्याच ठेक्यात जोडायचे. हे सारे चालता चालता, डोळ्यांच्या खुणेने ठरते. याला मी जॅझ म्हणणार नाही. ही सवय ताजकडून आलेली नाही, ती मिरवणुकीच्या गरजेतून आली. पण स्टुडिओत कागदावर बांधले गेलेले गाणे विसर्जनाच्या रस्त्यावर पुन्हा सुटे होते, हे संगीताच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगे आहे.

ही नोंद राहून गेली याचे कारण पुस्तकांच्या मांडणीत आहे. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतील वादकांच्या मुलाखतींवर 'बिहाइंड द कर्टन' (२००८) लिहिले. त्याआधी लग्नाच्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' (२००५). मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास सिद्ध केला, जो मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावची' म्हणून आला. त्यात संगीताचा सूर आहे तो शाहिरी, भजनी मंडळे आणि लोककलांचा. जॅझ, स्टुडिओ, बँड आणि गिरणगाव असे चार वेगळे कप्पे झाले. माणसे मात्र एका कप्प्यातून दुसऱ्यात रोज ये-जा करत होती. आठवण सांगणारा, विचारणाऱ्याच्या कप्प्यापुरतेच सांगतो.

यात नुकसान दोन्हीकडे झाले. गोव्याच्या संयोजकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा आलीच नाहीत. अँथनी गोन्साल्विस हे थोर व्हायोलिनवादक आणि संयोजक, प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात त्यांचे नाव शिष्याने अमर केले, आणि त्या गाण्यावर आमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे लोक नाचले, पण असा माणूस खरोखर होता हे नाचणाऱ्यांना ठाऊक नव्हते. दुसरीकडे, गिरणगावाच्या आस्वादाला कोणी आस्वाद मानले नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसल्यावर अनेकांनी गाव गाठले, पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे आले. पन्नाशीत 'अलबेला' पाहिलेला श्रोता त्या पांगापांगीत विखुरला, आणि त्याला कोणी काही विचारले नाही.

आता उरलेल्यांचे वय नव्वदीकडे झुकले आहे. जॅझच्या अभ्यासकांनी एकदा माझगावहून घोडपदेवमार्गे काळाचौकीला चालत यावे. इथे येऊन जॅझविषयी विचारू नये. तो शब्द इथला नाही. कोणत्या गाण्यावर नाचलात, ते कोणत्या थिएटरात पाहिले, गणपतीत ते वाजवायला बँड कुठून आणला, ट्रम्पेट कोण वाजवायचा आणि तो ते कोणाकडून शिकला, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काही घरांत माझगावच्या एखाद्या गल्लीपर्यंत जाईल अशी माझी अटकळ आहे. ती खरी की खोटी, हे तपासण्याइतकी माणसे अजून हयात आहेत.