खोटी घाई, खरी घाई

हवेत तरंगणारं बेट कोसळू लागलंय. पडद्याच्या कोपऱ्यात सहा मिनिटांची उलटी मोजणी सुरू. वाटेतल्या राक्षसांना चुकवत, झोडपत आपण कड्यापर्यंत पोचतो. खाली आपलं विमान आहे. गेम विचारतो, उडी मारायची की थांबायचं? कुणीही शहाणा माणूस उडी मारेल. पण मागे शॅडो राहिलाय. पैशासाठी कुणाचाही जीव घेणारा म्हणून ज्याची ख्याती, त्यानेच आत्ता आपल्याला निसटायला वाट करून दिलीय. काटा अगदी शेवटच्या पाच सेकंदांवर येईपर्यंत थांबलात, तर तो पळत येतो. आधीच उडी मारलीत, तर पुढच्या अख्ख्या कथेतून तो कायमचा गेला.

१९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’मधला हा प्रसंग पहिल्यांदा खेळताना मी उडी मारली होती. गेमने रागावून काही सांगितलं नाही. शॅडो नुसता परत आला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की थांबता येत होतं, तेव्हा खरं लागलं. ते टायमर बोटांचा वेग मोजायला लावलेलंच नव्हतं. आपण कुणासाठी किती वेळ जीव टांगणीला लावू, एवढंच त्याला बघायचं होतं.

फँटसी रोल-प्लेइंग गेममधली घाई एरवी तोंडीलावण्यापुरती असते. ‘फायनल फँटसी ७’मध्ये पृथ्वीवर आदळायला निघालेली उल्का आभाळात टांगलेली, आणि आपण खाली निवांत चोकोबो पक्ष्यांची पैदास करतोय. ‘स्कायरिम’मध्ये जग गिळायला निघालेला ड्रॅगन आपण घरं बांधून, लग्न करून, कोबीचं सूप शिजवून येईपर्यंत तिष्ठत बसतो. आपल्याकडे ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ म्हणतात. अर्जुनाची प्रतिज्ञा सूर्यास्तापर्यंतचीच होती, म्हणून तर कृष्णाला सूर्य झाकायची वेळ आली. या गेममध्ये सूर्य मावळतच नाही. अर्जुन मासे पकडून परत येईपर्यंत जयद्रथ आपला गुमान उभा.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. भटकणं हाच या प्रकाराचा अर्धा आनंद आहे. पण खोट्या घाईची किंमत कधीकधी भलत्याच ठिकाणी मोजावी लागते. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ची सुरुवात बघा. डोक्यात परजीवी अळी शिरलीय, काही दिवसांतच आपला राक्षस होणार, असं सगळे बजावून सांगतात. ते मनावर घेणारा प्रामाणिक खेळाडू रात्रीचा मुक्कामच टाळतो, आणि सोबत्यांचे निम्मे संवाद तर मुक्कामातच घडतात. प्रत्यक्षात त्या अळीला मुदत नाही. कथा पुढे त्याचं कारणही देते. उलट ‘वॉकीन्स रेस्ट’ ही जळती सराय समोर दिसत असताना ‘सकाळी बघू’ म्हणून झोपलात, तर आत अडकलेली माणसं मेलेली सापडतात. म्हणजे एकाच गेममध्ये सर्वांत मोठी धमकी पोकळ, आणि रस्त्याकडेची आग खरी. एकदा ही आग अनुभवली की पुढे प्रत्येक वेळी झोपण्याआधी माणूस दोनदा विचार करतो, हेही खरं.

घड्याळ आणि कथा यांची गाठ सर्वांत घट्ट बसलीय ती माझ्या मते २००२ च्या ‘ब्रेथ ऑफ फायर: ड्रॅगन क्वार्टर’मध्ये. माणसं जमिनीखाली खोल राहताहेत, वर आकाश आहे हे विसरून. नीना नावाच्या मुलीच्या शरीराशी असा खेळ झालाय की खालच्या हवेत ती जगू शकत नाही. तिला वर पोचवायचं काम र्‍यूचं. त्याच्या अंगात ड्रॅगन शिरलाय, आणि पडद्यावर एक टक्केवारी. चालता चालता ती कणाकणाने चढते. ड्रॅगनचं रूप घेतलं की भराभर चढते. उतरत मात्र नाही. शंभरावर गेली की संपलं. शिशुपालाची शंभरी कृष्ण मोजत होता. इथे आपली आपणच भरायची. कुठलाही बलाढ्य शत्रू ड्रॅगन होऊन दोन-चार फटक्यांत लोळवता येतो, आणि हाच मोह आहे. दर वेळी सोपी वाट धरताना र्‍यूचं आयुष्य किती उरलं, हे समोर लिहिलेलं दिसतं. हरलात तर पहिल्यापासून सुरू करायची मुभा आहे, आणि दुसऱ्या खेपेला कथेचे आधी न दिसलेले तुकडे उलगडतात. अनेकांना हा गेम जाचक वाटला. असेलही, पण त्यात एकही सेकंद कथेबाहेरचा नाही.

‘रिसेटियर’ हाच धागा विनोदाकडे नेतो. बाप कर्ज करून परागंदा, वसुलीला परी दारात, आणि मुलीने तलवारी-औषधांचं दुकान चालवून आठवड्याच्या आठवड्याला हप्ता भरायचा. एकूण ८,२०,००० पिक्स. शेवटचा हप्ता एकट्याचा ५,००,०००. ड्रॅगनपेक्षा हप्त्याची तारीख जास्त घाम फोडते, हे मध्यमवर्गीय वाचकाला समजावून सांगायला नको.

‘पाथफाइंडर: किंगमेकर’ (२०१८) इथेच ठेचाळतो. स्टॅग लॉर्ड या दरोडेखोर म्होरक्याला हटवायला ९० दिवस, हे झकास. पण राज्य हाती आल्यावर एकेका सल्लागाराला वरच्या पायरीवर न्यायला राजाचे १४ दिवस जातात, आणि पुढचं संकट कधी कोसळणार याचा अंदाज गेम धड देत नाही. राज्यकारभारात वेळ अपुराच पडतो, ही कल्पना पटते. पण न दिसणाऱ्या मुदतीने निर्णय अवघड होत नाही, माणूस नुसता धास्तावतो आणि जुना सेव्ह उघडतो.

अलीकडचा कल वेगळा आहे: घड्याळ ठेवायचं, पण त्याचे दात काढायचे. १९९७ च्या ‘अटेलिए मारी’त वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थिनीला किमया सिद्ध करायला पाच वर्षं मिळत. २०२३ च्या नव्या आवृत्तीत मुदत नसलेला मोडही आला. रात्री दहाला घरी पोचणारा मी, साहजिकच तोच निवडला. आठवडाभर मजेत गेला. मग लक्षात आलं, की मारीला नापास होण्याची भीती उरली नव्हती आणि मला तिची काळजी.

२०२४ चा ‘मेटाफर: रीफँटाझिओ’ जास्त चतुर आहे. कात्सुरा हाशिनो यांनी ‘पर्सोना’मधली दिनदर्शिका इथे राजाच्या निवडणुकीला जोडली. प्रवासालाही दिवस लागतात, म्हणून कुठे जायचं हा खरा प्रश्न बनतो. कथेचा विषयच चिंता. त्या जगात जादू चिंतेतूनच उपजते. पण जरा नेटका हिशेब ठेवला की एकाच खेपेत सगळी मैत्री, सगळे गुण पदरात पडतात. पात्रं चिंतेने पोखरलेली आणि खेळाडू वेळापत्रक आखून निर्धास्त. गेम मला आवडला, तरी ही फट मिटत नाही.

याउलट ‘मेजोराज मास्क’. काटेकोरपणे बघितलं तर तो रोल-प्लेइंग नाही, पण ‘झेल्डा’ मालिकेतल्या या २००० सालच्या गेमला टाळून या विषयावर लिहिता येत नाही. तीन दिवसांत चंद्र कोसळणार. गेममधले ७२ तास म्हणजे आपली सुमारे ५४ मिनिटं. गाणं वाजवून पहिल्या सकाळी परतता येतं. सरायीतली आंजू हरवलेल्या काफेईची वाट बघतेय. तीन दिवस निरोप पोचवत, चोराच्या मागावर राहत त्यांची भेट घडवली, तर काफेई येतो तो शेवटच्या पहाटे, दीडेक तास उरलेला असताना. खिडकीबाहेर चंद्र अगदी टेकलेला. ती दोघं पळून जायला नकार देतात.

आपण ओकारिना काढतो, गाणं वाजवतो. पहिल्या दिवसाची सकाळ होते. सरायीत आंजू गल्ल्यामागे उभी आहे, आणि काफेईचा अजून पत्ता नाही.