डेस्कटॉप दिसण्याआधीचं लिनक्स

लिनक्स आता कुणालाही जमेल इतकं सोपं झालंय, असं तुम्ही ऐकलं असेल. डेस्कटॉप दिसल्यानंतरच्या भागापुरतं ते खरं आहे. मराठीसाठी लोहित फाँट आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. माझी तक्रार आहे ती डेस्कटॉपच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल.

कर्नल जागा झाला की एक पहिली प्रोसेस सुरू करतो आणि ती बाकीच्या सेवा उठवते. पूर्वी हे काम शेल स्क्रिप्ट एकामागून एक चालवून होई. 2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी आणलं. एप्रिल 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबंटू 15.04 दोन्ही त्यावर गेले. सेवा समांतर सुरू होऊ लागल्या, लॉग एका जागी आले. सिस्टिम सांभाळणाऱ्याचं काम खरंच हलकं झालं. (सिस्टिमडीवरून झालेली भांडणं तुम्ही वाचली असतील. ती बहुतेक सांभाळणाऱ्यांचीच आपसातली आहेत.)

आता वापरणाऱ्याकडून बघा. काळेवाडीत खोली घेऊन पीएचडी प्रवेशाची तयारी करणारी माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन, एमएस्सीच्या प्रोजेक्टचा सगळा डेटा त्यातच. बॅकअपची बाहेरची डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून कुणीतरी एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ घालून दिलेली. एकदा ती डिस्क न लावता लॅपटॉप सुरू केला. दीड मिनिट काहीच नाही, मग काळा पडदा आणि 'इमर्जन्सी मोड'. वर आणखी एक गंमत: डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला होता, म्हणजे रूट खातं बंद. त्यामुळे सुटकेसाठी असलेला तो पडदाच सांगतो, खातं बंद आहे, आत येता येणार नाही! दुरुस्तीच्या दुकानात सल्ला मिळाला, फॉरमॅट करा. नशीब, तिने आधी एका सीनियरला विचारलं. त्याने लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून त्या ओळीत एक शब्द घातला. काम झालं.

कुठली डिस्क सापडत नाही हे मशीनला नेमकं माहीत होतं. 90 सेकंद ते तिचीच वाट बघत होतं. तरी वापरणाऱ्याला सांगायचं काय, तर अख्खा लॉग वाचा. 'ही डिस्क नाही, तिच्याशिवाय सुरू करू का?' एवढं विचारायला काय हरकत होती?

बचावही ऐकून घ्या. सर्व्हरवर डेटाबेसची डिस्क जोडलेली नसताना सेवा सुरू झाली, तर ती रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत बसेल. तिथे थांबणंच बरोबर. पण सर्व्हरचा नियम लॅपटॉपला जसाच्या तसा लावलाय, आणि मला खटकतं ते हेच.

मग संदेश मराठीत तरी करावेत? तिथे खरी अडचण आहे. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर एका वेळी फार तर 512 अक्षराकृती मावतात, जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवण्याची सोय नाही. भाषांतर करूनही देवनागरी तिथे दिसणार नाही. पण सुरुवातीचं चित्र दाखवणारा प्लिमथ पँगोच्या मदतीने मजकूर काढू शकतो, म्हणजे वाट आहे. डिसेंबर 2023 च्या सिस्टिमडी 255 मध्ये चूक पूर्ण पडद्यावर क्यूआर कोडसह दाखवायची सोय आली, पण फक्त सर्वांत गंभीर पातळीच्या चुकांसाठी.

विषय शोधत असाल तर इथे थांबून बघा. सुरू व्हायला किती सेकंद लागले हे मोजायला सिस्टिमडी-ॲनालाइझ आहे. न सुरू झालेल्या मशीनमधून साधा माणूस बाहेर पडायला किती वेळ घेतो, कुठल्या शब्दाशी अडतो, हे मोजायला माणसांसोबतच बसावं लागेल.

तोवर, बाहेरच्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये असेल तर तिच्या पर्यायांत स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहा: इंग्रजी लहान लिपीत, नो आणि फेल सलग. डेबियन असेल तर रूटला पासवर्ड आजच द्या.