चालू खात्यावरील तुटीचे प्रमाण : भूतानचा आकडा कसा वाचावा?

चालू खात्यावरील तूट जीडीपीच्या 5 टक्क्यांपुढे गेली की देश धोक्यात आला, असा ठोकताळा तुम्ही वाचला असेल. भारताच्या बाबतीत तो पटतो. 2012-13 मध्ये आपली तूट 4.8 टक्के होती आणि 2013 मध्ये रुपया जोरात घसरला. आता शेजारच्या भूतानकडे पाहा. 2010 नंतरच्या दशकात तिथली तूट बरीच वर्षे 20 टक्क्यांहून अधिक होती. तरीही एक नगुल्ट्रम म्हणजे एक रुपया हा दर मोडला नाही. असे का?

प्रथम अंश पाहू. जलविद्युत प्रकल्प उभारताना टर्बाइन, पोलाद, सिमेंट यांची मोठी आयात होते आणि ती चालू खात्यात तूट म्हणून दिसते. पैसा मात्र आधीच ठरलेला असतो. 1020 मेगावॉटच्या ताला प्रकल्पासाठी भारताने 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज दिले. प्रकल्प सुरू झाल्यावर वीज भारतालाच विकली जाते. छेद आहे जीडीपी. तो लहान असल्याने एकाच प्रकल्पाने गुणोत्तर कित्येक टक्क्यांनी हलते.

यावरून ‘भूतानची तूट निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. माझा आक्षेप इथे आहे. 2012 मध्ये भूतानमध्ये रुपयांची टंचाई झाली. बँकांतून रुपये मिळण्यावर निर्बंध आले, मोटारींची आयात थांबवावी लागली. बँकांच्या कर्जांवर वाढलेली घरबांधणी आणि वाहनखरेदीही त्याच तुटीत मिसळलेली होती. नगुल्ट्रम छापता येतो, रुपया छापता येत नाही.

दुसरे, प्रकल्प वेळेत पूर्ण होईल हे गृहीतक. 1200 मेगावॉटच्या पुनात्सांगछू-1 चे काम 2008 मध्ये सुरू झाले. 2013 मध्ये धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. इथे 60 टक्के रक्कम 10 टक्के व्याजाचे कर्ज होती. वीज नसली तरी व्याज चढतच राहते. भूगर्भातला हा धोका टक्केवारीत दिसत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तरी तो विसरू नये.

म्हणून हे प्रमाण वाचताना तीन प्रश्न विचारा. आयात कशाची झाली? पैसा अनुदानाचा की कर्जाचा, आणि कोणत्या चलनात? परतफेड देणारी मालमत्ता कधी सुरू होणार? भूतानच्या संविधानाने किमान एका वर्षाच्या अत्यावश्यक आयातीइतकी परकीय गंगाजळी बंधनकारक केली आहे. ती अट तुटीच्या टक्केवारीवर नाही, हे लक्षात घ्या.

स्वाध्याय : एका देशाची तूट 25 टक्के आहे, त्यातील 15 टक्के धरणाच्या यंत्रसामग्रीमुळे. उरलेल्या 10 टक्क्यांबद्दल तुम्ही कोणती माहिती मागाल?